बाराव्या शर्टावरची तारीख

फिजीतल्या आमच्या सावुसावूत कुणाचं लग्न ठरलं, कोण परदेशातून येतंय आणि कोण कायमचं गेलं, हे चर्चच्या घंटेच्या आधी विलिमाइनाच्या इस्त्रीला कळायचं. आमच्याकडे घरात काहीही घडलं की सगळ्या गोतावळ्याने एकसारखे कपडे घालायचे, ही रीतच आहे. एकविसावा वाढदिवस असो, सिडनीच्या चुलत्यांचं स्वागत असो की मयत असो; चाळीस माणसं आणि चाळीस सारखे सदरे. पूर्वी एका ताग्यातलं कापड फाडून शिवत. पुढे टी-शर्ट आले, टी-शर्टांवर फोटो आले, आणि फोटो म्हटलं की विलिमाइना आली.

पन्नाशी उलटलेली, अंगाने भरदार, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, चर्चच्या गाण्यात सगळ्यांत खालचा सूर धरणारी बाई. गावातले लहानथोर तिला नेई विली म्हणत. नेई म्हणजे मावशी. तिच्या भाचीने ऑकलंडहून एक जुना प्रिंटर आणि छापाच्या कागदाचं पुडकं पाठवलं, आणि नेईने स्वयंपाकघरातलं टेबल रिकामं केलं. हा कागद मोठा लबाड. त्यावर चित्र उलटं छापायचं, आरशात दिसतं तसं, म्हणजे इस्त्रीखाली कापडावर उतरताना ते सुलटं होतं. पहिल्या दिवशी हे तिला ठाऊक नव्हतं. नेटबॉलच्या सात पोरी छातीवर संघाचं उलटं नाव घेऊन खेळल्या आणि सपाटून हरल्या. त्या हरण्याचं खापर आजतागायत नेईच्या डोक्यावर आहे. खरं म्हणजे त्या पोरी सुलट्या नावानेही हरायच्याच.

पण नंतर तिचा हात बसला. दमट हवेत कागदाला पाणी सुटतं आणि शाई पसरते, म्हणून कागद तांदळाच्या डब्यात, घट्ट झाकणाखाली. इस्त्रीत पाण्याचा थेंब नको. टेबलावर जुना उशीचा अभ्रा, त्यावर शर्ट, शर्टावर कागद पालथा. मग दोन्ही हातांनी इस्त्रीवर सगळं वजन टाकायचं आणि मनात प्रार्थना म्हणायची. प्रार्थना तीनदा झाली की छाप बसला. मग कागदाचा एक कोपरा नखाने उचलून सोलायचा. सोलताना ती श्वास रोखून धरायची. खालून कुणाचा तरी कपाळाचा भाग दिसायचा, मग डोळे, मग हसू.

त्या अभ्र्यावर वर्षानुवर्षांत डाग उमटले होते, फिकट, पिवळसर. तिची मैत्रीण तराइविनी म्हणायची, "तिरपं बघितलं तर अर्धं गाव दिसतं यात. मेलेलं अर्धं."

नेईचा एकच नियम होता. मयताचा शर्ट असेल, तर घरातलं माणूस स्वतः येऊन, दारात उभं राहून, "गेले" म्हणेपर्यंत इस्त्री तापवायची नाही. लोक अजिजी करायचे. परदेशातले नातेवाईक येणार, विमानं ठरलेली, आणि म्हातारी तर शुक्रवारपर्यंत टिकत नाही असं डॉक्टरच म्हणतो. नेई, छापून तेवढं ठेव ना.

"मग शुक्रवारी ये."

"अगं, पण तारीख सोडून बाकीचं तरी—"

"तारीखच तर असते त्या शर्टात. ती माझ्या हाताने आधी लिहायची नाही."

हा नियम तिने आयुष्यात एकदाच मोडला, आणि तोही हसण्यासाठी.

सेमेसाची ओळख करून द्यायला हवी, म्हणजे आपण कितीही नको म्हटलं तरी तो ती करून घेतोच. मूळचा नुकुवुला बेटावरचा, आता सावुसावूत राहणारा नावाडी. उभट फायबरची होडी, मागे एक चाळीस घोड्यांचं इंजिन, आणि पुढे त्याचं पोट. आठवड्यातून दोनदा बेटावर माल न्यायचा, तिकडून सुकं खोबरं आणि यांगोनाच्या, म्हणजे कुटून नशेचं पेय करतात त्या, मुळ्या आणायच्या. बेटाचे लोक आणि विलीच्या गावचे लोक एकमेकांचे ताउवू. एकाच कुळदेवाची लेकरं म्हणे. कुणाच्या आज्याचा आजा कुणाच्या होडीतून पळाला वगैरे. त्याचा आजचा अर्थ एवढाच की ताउवूने ताउवूला काहीही बोलावं, त्याच्या घरातलं काहीही उचलावं, आणि समोरच्याने रागवायचं नाही. रागावला तो ताउवू नव्हे.

सेमेसा हा हक्क पोटभर बजावायचा. आमच्याकडे बायका गावातल्या उकळत्या झऱ्यांत भांडी ठेवून, वर गोणपाट टाकून बाजाराला जातात. येईपर्यंत अळकुड्या शिजतात. नेई एकदा बाजारातून परतली, गोणपाट उचललं, तर भांड्यात सहा गुळगुळीत दगड, छान शिजलेले. धक्क्यावर सेमेसा ढेकर देत बसला होता.

"ताउवू, मीठ जरा कमी होतं."

"दगड खाल्ले असतेस तर दात तरी पडले असते तुझे."

"अगं, दगड तुझ्यासाठी ठेवले. मऊ झाले की सांग."

हे चालायचंच. पण फेब्रुवारीत चर्चच्या छपरासाठी वर्गणीची जेवणावळ झाली, तेव्हा सेमेसा यांगोनाचे चार वाडगे रिचवून उभा राहिला आणि भर मंडपात म्हणाला, "आमच्या ताउवूच्या शर्टांवरची माणसं पाहिलीत? तीन दिवस पाण्यात राहून वर आल्यासारखी दिसतात सगळी. मला तर तिने छापूच नये. मी बुडालो तर तसाच दिसेन, वेगळा खर्च कशाला?"

मंडप फुटेपर्यंत हसला. नेईसुद्धा हसली. तराइविनीने मात्र तिला कोपराने ढोसलं. "हे तू ऐकून घेणार? एवढं?"

ऐकून घ्यायचं नव्हतंच. ताउवूची जिवंतपणी मयत करायची, त्याच्यासाठी गळे काढायचे, ही आमच्याकडची जुनी थट्टा. बेत ठरला. चौदा मार्चच्या शुक्रवारी सेमेसा दुपारी तीनला बेटावरून परतणार. गाण्यातल्या बारा बायका धक्क्यावर चटई टाकून बसणार, अंगात पांढरे शर्ट, शर्टांवर सेमेसाचा हसरा फोटो, खाली नाव आणि "प्रेमळ स्मृतीस". होडी दिसली की रडायला सुरुवात.

तेराच्या सकाळी फोटो पडद्यावर लावून दोघी बसल्या.

"तारीख?" तराइविनी म्हणाली.

"तारीख कशाला?"

"तारीख नाही तर मयत कसली? वाढदिवसाचा वाटतोय."

नेईचा हात थोडा थांबला, असं तराइविनी नंतर सांगायची. तिचं सगळंच खरं धरू नये, पण हे धरा. मग नेईने उद्याची तारीख टाकली, १४ मार्च. साल टाकायला गेली तर जागाच उरली नाही. सेमेसाचा चेहरा कागदाच्या या काठापासून त्या काठापर्यंत.

"मेल्याचा जबडा बघ," नेई म्हणाली. "सालसुद्धा खाल्लं."

दोघी हसून हसून लाल झाल्या. बारा शर्ट संध्याकाळपर्यंत तयार झाले. बारा वेळा तीच प्रार्थना तीन-तीनदा.

शुक्रवारी अडीचलाच बायका बसल्या. टॅक्सीवाले भोंगे वाजवू लागले, बाजारातल्या बाया कसावा टाकून पाहायला आल्या. तीन वाजले आणि नेईने पहिला गळा काढला. असा काढला की बंदरावरच्या कारकुनाने टोपी काढली आणि मग शिव्या देत परत घातली. सगळे पोट धरून हसले. होडी काही दिसेना.

"उशीर करतोय. मरायलासुद्धा वेळेवर येत नाही."

साडेतीनला पुन्हा एक फेरी झाली रडण्याची. चारला कुणी म्हणालं, आता घसा दुखतो, होडी दिसली की बघू. पाण्याचा रंग बदलत होता. प्रवाळाच्या कड्यापलीकडे आभाळ शिशासारखं झालं आणि वारा जमिनीकडून नाही, तिकडून येऊ लागला. टॅक्सीवाले निघून गेले. बाजारातल्या बायांनी कसावा झाकला. पाच वाजता बारा बायका चटईवर गप्प बसल्या होत्या, बारा छातींवर सेमेसा हसत होता, आणि उठून जावं तर का जावं हे कुणालाच बोलता येत नव्हतं. एकीने शर्टावर टॉवेल ओढून घेतला. मग दुसरीने.

तेवढ्यात लोसाना आली. सेमेसाची बायको. ती लांबच्या बेटावरची, ना विलीच्या गावची, ना नुकुवुलाची. या ताउवूपणाशी तिचा संबंध नव्हता. हसायची तिला सक्ती नव्हती. ती नवऱ्याची वाट बघायला आली होती, आणि चटईसमोर येऊन थांबली. नेईने टॉवेल घेतला नव्हता.

लोसाना सावकाश वाचत गेली. नाव. मग खालची ओळ.

"चौदा," ती म्हणाली. "आज चौदा आहे."

"लोसाना, अगं ही गंमत—"

"तुला कुणी सांगितलं? कोण आलं होतं तुझ्या दारात?"

लोसाना चटईवर बसली नाही. पाण्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि पाऊस आला तरी तशीच.

आता तुम्ही म्हणाल, तो गेला. नाही गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मासेमारीच्या एका बोटीने त्याची होडी दोरीने ओढत आणली. इंजिन मध्येच बंद पडलं, प्रवाहाने कड्याबाहेर नेलं, अर्धा माल टाकून द्यावा लागला, आणि एक डुक्कर समुद्राला अर्पण झालं. सेमेसाचे ओठ मिठाने फुटले होते. किती वाजता बंद पडलं, असं कुणी तरी विचारलं.

"तीनच्या सुमाराला. का?"

कुणी सांगितलं नाही. पण सावुसावूत न सांगितलेली गोष्टच आधी कळते. संध्याकाळच्या आत तो नेईच्या दारात उभा. नेई आत टेबलापाशी यांगोनाच्या मुळ्यांचा जुडगा कागदात बांधत होती, रीतसर माफी मागायला जायचं म्हणून.

"ते खाली ठेव," सेमेसा म्हणाला. "ताउवूकडून माफी? मी ती घेतली तर आपण ताउवू राहिलो का?"

"सेमेसा, मी चूक केली. तारीख लिहायला नको होती."

"ते राहू दे. रडलं कोण सगळ्यांत मोठ्याने?"

"मी."

"मला वाटलंच! इंजिन त्याच भोंग्याने घाबरून बंद पडलं." तो हसला, आणि फुटल्या ओठातून रक्त आलं. "माझा शर्ट कुठाय?"

अकरा शर्ट तिने सकाळीच बायकांकडून परत घेऊन घरामागे जाळले होते. छाप धड जळत नाही. वितळतो, बुडबुडे येतात, थेंब थेंब गळतो, आणि चेहरा शेवटपर्यंत ओळखू येतो. बारावा तिचा स्वतःचा, दोरीवर ओला होता. तिचं माप आणि सेमेसाचं माप एकच. ताउवूचं आहे म्हणजे माझंच, असं म्हणून त्याने तो ओढला, तिथल्या तिथे अंगात घातला, आणि स्वतःच्या छातीवरच्या स्वतःला थोपटत गेला.

तेव्हापासून होडी सोडायच्या दिवशी त्याच्या अंगात तोच शर्ट. आमच्या गावाला याहून मोठी चैन दुसरी नव्हती. "मयत निघाली," पोरं ओरडायची. "चौदापर्यंत परत येतो," तो ओरडायचा. नेई घरात इस्त्री करत असली तर हात थांबायचा.

तुम्हीच म्हणाल, ताउवू आहे ना, मग चोरावा परत. तेवढं तिलाही सुचलं होतं. पण शर्ट सुकायचा लोसानाच्या दोरीवर, आणि लोसानाकडून घेणं ही चोरी. म्हणून एक दिवस ती तोंड वर करून मागायला गेली.

लोसाना कपडे पिळत होती. "नाही द्यायची," ती म्हणाली.

"तुला बघवतो तो?"

"नाही. पण तो जाळलास की तू रात्री झोपशील. मला काही झोप लागायची नाही. त्यापेक्षा बरोबरीने जागू."

उंबऱ्यावरून परत फिरताना नेई तेवढं म्हणाली, "उलटा करून धू. गार पाण्यात. आणि पिळू नकोस, छाप तडकतो."

वर्ष फिरलं. साल नसलेली तारीख पुन्हा आली, ती यायचीच होती. तेराच्या संध्याकाळी नेई धक्क्यावर गेली, सेमेसाच्या होडीतली इंधनाची नळी काढली, आणि तांदळाच्या डब्यात छापाच्या कागदांवर ठेवून झाकण लावलं. चौदाला सकाळी सेमेसा होडीत बसून तासभर इंजिनाची दोरी ओढत होता. मग त्याला उजेड पडला.

"चोर!" तो तिच्या ओट्यावरून ओरडला. पण आनंदाने, ताउवूने चोरलं म्हणजे मान ठेवला. दिवसभर तो ओट्यावर बसून राहिला. चहा मागितला, पाव मागितला, भरीला नारळाच्या रसातला मासा मागितला. नेईने सगळं दिलं. एवढं की त्याला शंका आली.

"तू मला घाबरतेस की शर्टाला?"

"गप खा."

पंधराला नळी परत गेली. नेईला वाटलं, वर्षातून एक दिवस. एवढं तर आपण सांभाळू शकतो.

पण छाप वर्षानुवर्षं टिकत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? जुलैत एकदा बाजारात सेमेसा समोर आला आणि तिची नजर सवयीने छातीखाली गेली. चेहऱ्यावर बारीक भेगा पडल्या होत्या, सुकलेल्या चिखलाला पडतात तशा. आणि मार्च नव्हता. पूर्ण सोलून गेला होता. उरला होता नुसता आकडा. १४.

ती कसाव्याची जुडी हातात धरून तशीच उभी राहिली.

त्या महिन्याच्या तेराला तिने नळी काढली. ऑगस्टच्या तेराला स्पार्क प्लग. सप्टेंबरला तर वल्हीसुद्धा. आता सेमेसा हसेना.

"ताउवू, थट्टेलाही काही माप असतं. बेटावर लोक वाट बघतात."

"रागावलास?"

रागावलो असं त्याला म्हणता येत नव्हतं. पण त्याने दुसरी नळी विकत आणली आणि घरात लपवली, हे अख्ख्या गावाला माहीत झालं, म्हणजे तिलाही झालंच.

ऑक्टोबरची नऊ तारीख. सकाळी नेई टेबलाशी होती, कुणाच्या तरी नातवाच्या बारशाचे शर्ट. दारात सावली पडली. तिने वर पाहिलं तर लोसाना. उंबऱ्याच्या बाहेर, सरळ उभी, कुणी खबर घेऊन येतं तशी.

नेईच्या हातातून कागद गळला. इस्त्री तापलेली होती, ती तिने आडवी ठेवली की उभी, हेही तिला कळलं नाही. "बोल," ती म्हणाली.

"तसं नाही," लोसाना म्हणाली. "घरी आहे तो. चहा पितोय."

मग तिने काखेतून घडी काढून टेबलावर उलगडली. शर्ट. सेमेसाचा एक डोळा गेला होता. हसू होतं. खाली १४ मधल्या एकाचा काठ उचलला होता, कोंडा सुटावा तसा, आणि चारसुद्धा एका बाजूने हवेत होता.

"अजून एक धुणं," लोसाना म्हणाली. "मग जाईल."

"जाऊ दे ना. तेच तर बरं."

"बरं?" लोसाना पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आली. "मार्च होता तोवर वर्षातला एक दिवस होता. मार्च गेला तर महिन्यातला एक झाला. हाही गेला की मग कुठला?"

दोघी त्या आकड्याकडे बघत राहिल्या. सुटलेला काठ पुन्हा बसवता येतो. वर लोणीकागद, म्हणजे बटर पेपर, ठेवायचा आणि इस्त्री दाबायची. कागद ठेवला नाही तर सगळं इस्त्रीलाच चिकटून येतं. नेईने हे शंभरदा केलं होतं, लोकांच्या वाढदिवसांना, लग्नांना.

"पुन्हा माझ्या हाताने?" ती म्हणाली.

"पहिल्यांदा कुणाच्या हाताने होतं?"

नेईने अभ्रा सरळ केला. शर्ट पसरला, लोणीकागद ठेवला, इस्त्री दोन्ही हातांनी उचलली. दाबलं. प्रार्थना सुरू केली आणि दुसऱ्याच ओळीला विसरली. तेव्हा लोसानाने ती पुढे म्हटली, हळू, शेवटपर्यंत, तीन वेळा. कागद सोलला. आकडा घट्ट बसला होता. नव्यासारखा नाही, पण वाचता येईल असा.

तेवढ्यात बाहेरून हाक. "कुठाय माझं कफन? भरती निघून चाललीय!"

सेमेसा उघड्या अंगाने दारात. दोघींकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा खुलला. "अरे वा! माझी ताउवू माझे कपडे इस्त्री करते आता! लोसाना, हे बेटावर सांगितलंच पाहिजे."

"आज राहू दे ना," नेई म्हणाली.

"आज नऊ आहे, बाई. चौदा नाही. आणि नळ्या माझ्याकडे दोन आहेत." त्याने शर्ट उचलून डोक्यातून घातला, आणि मध्येच थांबला. "गरम आहे. आत्ताच कुणीतरी अंगातून काढल्यासारखा."

मग हसला, छातीवरच्या एकडोळ्या सेमेसाला थोपटलं आणि उतारावरून निघाला.

"परत कधी?" लोसानाने मागून विचारलं.

"तीनला!"

थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज आला, मग लांब गेला, मग आला नाही. नेईने इस्त्रीची वायर काढली. बारशाचे शर्ट तसेच राहिले. अभ्र्यावर उष्णतेने एक नवा डाग पडला होता; त्यात काय दिसतं ते तिने पाहिलं नाही, घडी घालून ठेवली.

लोसाना घरी गेली नाही. दोघींनी कसावा उकडला, खाल्ला का नाही ते त्यांनाच माहीत. अडीच वाजता तराइविनी बाजारातून येत होती, तिने पाहिलं. दोघी धक्क्यावर, एका चटईवर, तोंडं पाण्याकडे.

"काय गं, आज नऊच ना?" तिने विचारलं.

कुणी मागे वळून पाहिलं नाही. लोसानाने फक्त चटईवर थोडं सरकून तिला जागा केली.